पडद्याआडचा रुग्णेतिहास

रशीद जहाँ यांच्या 'पर्दे के पीछे' या उर्दू नाटिकेत घटना अशी घडतच नाही. एका खानदानी मुसलमान घरात मुहम्मदी बेगम आणि आफताब बेगम या दोन स्त्रिया बोलत बसतात, आणि त्या बोलण्यातून मुहम्मदी बेगमच्या खंगलेल्या शरीराची हकीकत उलगडत जाते. वय तिशीच्या आसपास. एकामागून एक बाळंतपणे. खाली उतरलेले गर्भाशय. डिसेंबर १९३२ मध्ये लखनौहून निघालेल्या 'अंगारे' या संग्रहातील ही एकमेव नाटिका होय. रंगभूमीच्या रूढ कसोट्यांवर ती तोकडी ठरते, हे मान्य करावयास हवे. मात्र तिला निव्वळ प्रचार म्हणून बाजूला सारणे, हा उथळ वाचनाचा दोष आहे.

या घरात पैशाची वाण नाही, वैद्यकीय मदतही मिळू शकते. म्हणजे दारिद्र्य आणि अंतर ही नेहमीची दोन्ही कारणे येथे गळून पडतात. उरते ते अधिक विदारक आहे. मुलांना पाजण्यासाठी दाया ठेवल्या आहेत त्या आईला विसावा मिळावा म्हणून नव्हे, तर नवऱ्याला दूर राहावे लागू नये म्हणून. (त्या दायांच्या स्वतःच्या बाळांचे काय, हे वाचकालाच विचारावे लागते, नाटिकेचा रोख तिकडे नाही.) शस्त्रक्रियाही होते, पण तीही नवऱ्याच्या सुखासाठी, तो दुसरीकडे वळेल ही धास्ती तिच्यामागे उभी असते. उपचार या स्त्रीपर्यंत पोहोचतो खरा, परंतु नवऱ्याच्या गरजेच्या वाटेने. पुन्हा गर्भ राहू नये, एवढी एक गोष्ट ठरविणे तिच्या हाती नाही.

लेखिका स्वतः डॉक्टर होत्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. रुग्णेतिहास लिहिताना डॉक्टर विचारतो आणि रुग्ण मोजके सांगतो. येथे प्रश्न विचारणारा डॉक्टर रंगमंचावर नाही. ऐकणारी आहे दुसरी स्त्री, जी हळहळू शकते, पण औषध देऊ शकत नाही. संवादांची भाषा जनानखान्यातील 'बेगमाती' उर्दू. घरातल्या बारीकसारीक कटकटी ज्या सुरात सांगाव्यात, त्याच सुरात मुहम्मदी बेगम आपल्या देहाची विटंबना सांगते. नाटिकेचे खरे सामर्थ्य या सुरात आहे, आणि अनुवादात नेमका तोच हरवण्याचा संभव अधिक.

मराठी वाचकास येथे र. धों. कर्वे आठवणे स्वाभाविक आहे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. कर्व्यांचे गद्य तर्कशुद्ध, निःसंकोच. साधन आणि ज्ञान उपलब्ध झाले की विवेकी माणूस ते वापरील, हा विश्वास त्यामागे आहे. मुहम्मदी बेगमच्या घरात हा विश्वास उंबरठ्यावरच अडखळतो.

कर्व्यांवर खटले झाले ते अश्लीलतेचे. 'अंगारे'वर मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने बंदी घातली ती धर्मभावना दुखावल्याच्या कारणावरून. मुहम्मदी बेगमच्या आजाराचा त्या आरोपात उल्लेख नव्हता. 'अंगारेवाली' हे कुत्सित नाव मात्र चिकटले ते रशीद जहाँ यांनाच. त्यांच्या तिघा सहलेखकांपैकी कोणाच्या वाट्याला असे नाव आले नाही. मूळ संग्रह दिल्लीत पुन्हा छापला गेला तो १९९५ मध्ये. तोवर या नाटिकेविषयी पुष्कळ लिहिले गेले होते, आणि त्यातले बरेचसे ती न वाचता.