यंत्राची लय आणि नाचणारी माणसे

आपल्याकडे संगीताची समीक्षा बैठकीपाशी सुरू होते आणि बैठकीपाशीच संपते. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, फार तर लावणी. याच्या पलीकडे जे वाजते त्याला आपण 'गोंगाट' असे एकच नाव देतो आणि खिडकी लावून घेतो. खिडकी लावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा तरुण ज्या वादनापुढे उभा राहू शकत नाही, नाचूच लागतो, त्याविषयी मराठी समीक्षेला एकही धड विधान करता येऊ नये, हे तिला भूषणावह नाही. पोलीसखात्याची पत्रके म्हणजे समीक्षा नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. संगीतशास्त्रातला माझा अधिकार शून्य. पण मी शाळामास्तर आहे, आणि माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले आज चाकणच्या कंपन्यांत लाइनवर उभी आहेत. तीच मुले सुट्टीच्या रात्री डीजेपुढे बेभान होतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, एवढ्या कुतूहलापोटी हे लिहीत आहे.

आधी शब्दाचे पाहू. इंग्रजीत डीजे म्हणजे माणूस, तबकड्या वाजवणारा. मराठीत डीजे म्हणजे वस्तू. आपण डीजे 'आणतो', डीजे 'लावतो', तो ट्रॅक्टरवर चढवतो आणि पोलीस तो जप्त करतात. ज्या माणसाचे हे नाव, त्याला आपण 'ऑपरेटर' म्हणतो, आणि तो ध्वनिक्षेपकांच्या भिंतीमागे कुठेतरी जनरेटरशेजारी बसलेला असतो. सातारा-कोल्हापूरकडे याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी या गृहस्थाने १९६५ साली आपली संस्था काढली ती ध्वनिफितीतली खरखर कमी करण्यासाठी! शब्दांच्या नशिबी काय काय येते पाहा. पण हा नुसता विनोद नाही. माणसाचे नाव भिंतीला गेले, त्यासोबत त्या माणसाची कलाही गेली की काय, हा माझा खरा प्रश्न आहे.

ती कला मुळात कोणती? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ साली कूल हर्क या तरुणाने एक साधी गोष्ट हेरली. गाण्याच्या मध्ये जेथे गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, तेथे नाचणारे खुलतात. पण तो तुकडा काही क्षणांत संपतो. मग त्याने त्याच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या आणि तोच तुकडा आलटूनपालटून वाजवून लांबवला. पुढे शिकागोत 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्सने रात्ररात्र एका गाण्यातून दुसरे गाणे काढले, तेही सांधा दिसू न देता. एक तबकडी लोक ऐकत असतात, दुसरी तो एकटा हेडफोनमध्ये ऐकतो, दोहोंची गती जुळवतो (मिनिटाला एकशेवीस ते एकशेतीस ठोके) आणि नेमक्या क्षणी पहिली सोडतो. हे हस्तकौशल्य झाले, ते अभ्यासाने येते. आणि आता तर गती जुळवण्याचे काम यंत्रच करते. खरी कला त्याच्या डोळ्यांत आहे. कोण दमला, कोण कंटाळून पाणी प्यायला निघाला, कोणता कोपरा अजून पेटला नाही, हे पाहून पुढची तबकडी ठरते. कीर्तनकार पूर्वरंगात समोरची मंडळी जोखतो आणि दृष्टांत बदलतो, त्याच जातीचे हे काम आहे.

आणि आता आमच्या पट्ट्याशी ज्याचे नाते लागते ते सांगतो. १९८०नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉईटजवळच्या बेलव्हिल येथील हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन या तीन कृष्णवर्णी शाळासोबत्यांनी 'टेक्नो' नावाचे संगीत घडवले. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे गाव. अमेरिकेचे पिंपरी-चाकणच म्हणा. गाणारा जवळजवळ नाहीच, तालयंत्राचा ठोका आणि वर विजेच्या स्वरांची सावली. मोटारी करणाऱ्या गावात यंत्राचेच संगीत व्हावे, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

दिवसभर ज्याने यंत्राचा ठोका सोसला, त्याने रात्री पुन्हा यंत्राचाच ठोका का मागावा? त्याने बासरी मागायला हवी, असे आपल्याला वाटते. पण लाइनवर काय होते ते पाहा. गाडीचा सांगाडा पुढे सरकतो तो मुलासाठी थांबत नाही. ठरलेल्या सेकंदांत त्याने चार बोल्ट आवळायचे, आणि पुढचा सांगाडा आलाच. लय आहे, पण ती त्याची नाही. देहाने यंत्राच्या मागे धावायचे. नाचाच्या जागी नाते उलटते. तेथेही यंत्रच वाजते, तितकेच निर्दय, तितकेच अचूक. पण ते वाजवणारा माणूस नाचणाऱ्याच्या देहाकडे पाहून ते वळवतो. दिवसभर ज्याने हुकूम सोडला, तो ठोका रात्री हुकूम ऐकतो. ही सुखाची गोष्ट आहे, आणि बासरीने ती साधणार नाही. कारण बासरीने त्याला कधी राबवलेलेच नसते.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले. ते या संगीताला लावून पाहिले तर आश्चर्य वाटेल इतके लागू पडतात. एकच ठोका दहा मिनिटे चालतो तो संवाद. मग वादक खालचा घुमारा काढून घेतो, ताल विरळ करतो, स्वर चढवत नेतो, आणि सगळा जमाव हात वर करून अधांतरी थांबतो, हा विरोध. पुढच्या क्षणी घुमारा छातीवर येऊन आदळतो. याला ही मुले 'ड्रॉप' म्हणतात. देहू आणि आळंदी या पट्ट्याच्या दोन अंगांना आहेत. तेथल्या भजनात संथ चालीतला अभंग द्रुत होत जातो, टाळ एकवटतात आणि मग पखवाज थापेसरशी मोकळा होतो, तेव्हा फडातल्या माणसाला जे होते, ते याहून फार वेगळे नसावे. देहाच्या पातळीवर तरी नसावे. फडात नावाचा आधार असतो, येथे नुसता ठोका, हा भेद मी विसरत नाही; पण तो भक्तीतला भेद आहे, लयीतला नाही.

म्हणून मी या कलेला कसोटी लावतो ती एकच: लय नाचणाऱ्याचे ऐकते का?

या कसोटीवर बालेवाडी-हिंजवडीकडचे क्लब अर्धेच उतरतात. तेथे माणूस दिसतो, उंच मंचावर, दिव्यांच्या झोतात. पण समोरचे अर्धे लोक हातातल्या फोनमधून त्याला पाहतात. जो नाचतच नाही त्याच्याकडे पाहून वादकाने पुढची तबकडी कशी ठरवावी? शिवाय दाराशी जी रक्कम मागतात, ती कंत्राटी कामगाराला परवडत नाही. मोठ्या महोत्सवांचे तर बोलूच नये. २००७ साली गोव्यात कांदोळीला सुरू झालेला 'सनबर्न' २०१६ साली पुण्याजवळ केसनंदला आला. तेथे वादन दिव्यांच्या आणि पडद्यावरच्या चित्रांच्या तालमीशी बांधलेले असते; जमाव हलला काय नि न हलला काय, आतषबाजी ठरल्या वेळी उडणार. हीसुद्धा एक लाइनच, फक्त तिकिटाची.

आणि मिरवणुकीतली भिंत? तिच्यावर टीका करताना आपण आवाजाचेच बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या दिवशी होणाऱ्या मोजणीत अलीकडे सरासरी शंभराच्या आसपास येते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. कारखान्यात कामगाराला आठ तास सोसवण्याची सीमा ९० डेसिबलची. शंभराला दोनच तास. म्हणजे कंपनीत ज्या कानांना कायदा जपतो, त्यांना आपण गणपतीपुढे वाऱ्यावर सोडतो. २०१८ साली ऐन विसर्जनाच्या तोंडावर ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्यांच्या संघटनेने मागितलेला दिलासा मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला, तो योग्यच होता. दवाखान्यातल्या म्हाताऱ्याच्या छातीला अभिरुचीचे स्वातंत्र्य समजावून सांगता येत नाही.

पण समजा, उद्या भिंतीचा आवाज निम्म्याने उतरला. तरी माझी तक्रार उरते. भिंतीचा ऑपरेटर नाचणाऱ्यांना पाहत नाही. पाहणार कसा, त्याच्यापुढे त्याचीच भिंत उभी! आधी भरून आणलेली गाणी एकामागून एक सुटतात. 'सैराट'मधले 'झिंगाट' २०१६पासून किती हजार वेळा सुटले असेल कोण जाणे. अजय-अतुल यांची ती रचना आहे झकास. पण दर मिरवणुकीत तीच, त्याच जागी, तोच घुमारा, ही पुन्हा लाइनच झाली. पोरे नाचतात, कारण नाचायला दुसरी जागा नाही.

यंत्राचे संगीत आपल्याला परके आहे, असे म्हणून सुटता येणार नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानी तालयंत्रावर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून तबकडी काढली. तेव्हा तिला कोणी विचारले नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले जाणकार थक्क झाले. भैरव त्या ठोक्यावर बसतो, तर हलगी का बसू नये?

ती बसते. गेल्या उन्हाळ्यात चाकणजवळच्या एका वाडीत हळदीला भिंत लावली होती, लहानशीच, चार पेट्यांची. ऑपरेटर पहिल्या पाळीचा कामगार. तो पेट्यांच्या बाजूला, माणसे दिसतील असा उभा होता. बायका पदर कानाला लावून मागे सरकल्या, हे त्याने पाहिले. त्याने वरचे सगळे स्वर काढून घेतले, नुसता ठोका ठेवला, तोही अगदी खाली, आणि कोपऱ्यात विडी ओढत बसलेल्या हलगीवाल्याला हाताने खूण केली. हलगीवाला आधी बिचकला. मग त्याने दोन-तीनदा थाप टाकून अंदाज घेतला आणि तो ठोक्याच्या पुढे पळू लागला. ऑपरेटरने गती वाढवून त्याला गाठले, तो पुन्हा पळाला. म्हाताऱ्या बायका परत मांडवात आल्या. वीस-पंचवीस मिनिटे हे चालले असेल. मग दहा वाजले आणि त्याने जनरेटर बंद केला. हलगी तशीच चालू राहिली.