चहाची खोली आणि अंगण : वास्तुवारशाविषयीच्या एका वादाचा विचार

जुन्या विद्यापरिसराच्या पुनर्रचनेचा प्रश्न निघाला, की चर्चा बहुधा दर्शनी भागाभोवती फिरते. खाण्यापिण्याच्या जागा आणि त्यांना लागून असलेले अंगण यांची बोळवण 'सोयी' या सदरात होते. अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या वसतिगृहांविषयी २०२० च्या अखेरीस जो वाद उद्‌भवला, त्यातही विटांच्या कमानी राखाव्यात की पाडाव्यात, एवढ्यावरच बहुतेकांनी आपली लेखणी झिजविली.

बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने १९६२ साली लुई कान यांच्याकडे हे काम आले. त्यांच्या वसतिगृहांतील सर्वांत विचारपूर्वक योजलेली गोष्ट कमान नव्हे, चहाची खोली होय. दहा-दहा खोल्यांचे गट, त्यांच्यामध्ये जिना आणि चहाची खोली, अशी ही मांडणी आहे. लांबलचक बोळ तीत मुद्दाम टाळला आहे. जिना आणि स्नानगृह अशा ठिकाणी आहेत, की ऊन व त्याची तिरीप अडावी, पण वाऱ्याला आडकाठी होऊ नये. खोलीबाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्याला ओलांडून जाता येत नाही. बोलणे ओघानेच येते. अभ्यास केवळ वर्गात होत नाही, हे मत येथे विटांत मांडलेले आहे.

आता 'कॅफेटेरिया' हा शब्द पाहावा. अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ कॉफीचे दुकान. इंग्रजीत आल्यावर तो स्वतः वाढून घेण्याच्या भोजनगृहाला लागला. रांग, थाळी, मेज आणि निर्गमन हा क्रम त्या नावातच आहे, आणि नाव स्वीकारले की आराखडाही बहुधा त्याच क्रमाने निघतो. शेकडो माणसांना वेळेवर जेवू घालण्यास तो उपयुक्त आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. कान १९७४ साली निवर्तल्यानंतर उरलेल्या कामाचा भार वाहणारे अनंत राजे यांनी या परिसरात स्वतंत्र भोजनगृह बांधले, ते याच गरजेपोटी. परंतु भोजनगृह हे चहाच्या खोलीची जागा घेऊ शकत नाही. एकात माणूस गिऱ्हाईक असतो, दुसरीत शेजारी.

मधल्या मोठ्या चौकाची गोष्ट थोडी निराळी. एका अंगाला ग्रंथालय, इतर अंगांना वर्ग आणि अध्यापकांच्या खोल्या. कान यांच्या आराखड्यातील खुले रंगमंडल मात्र कधी बांधले गेले नाही. तो भव्य आहे, पण अहमदाबादच्या उन्हाळ्यात भर दुपारी तेथे कोण बसणार? 'प्रांगण' आणि 'अंगण' यांत जो फरक मराठी कानाला जाणवतो, तोच येथे आहे : पहिले समारंभाचे, दुसरे वावराचे. कान यांच्या भक्तांनी हा दोष मान्य करण्यास हरकत नसावी.

डिसेंबर २०२० मध्ये अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा निर्णय झाला. जगभरातून विरोध होताच १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेण्यात आला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्था पुन्हा पुनर्बांधणीच्या बाजूला गेली. तिची तक्रार खोटी नव्हे. विटांत घातलेले लोखंड गंजले आहे, ओल झिरपते, २००१ च्या भूकंपाने हानी केली आहे. त्याचबरोबर, याच परिसरातील ग्रंथालयाच्या जीर्णोद्धाराला २०१९ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, हेही विसरता येत नाही. दुरुस्ती अशक्य हा युक्तिवाद त्यामुळे दुबळा होतो.

'वारसा' हा शब्द मूळचा अरबी, आणि त्यात वारस गृहीत आहे : वस्तू वापरणारा, केवळ पाहणारा नव्हे. या अर्थाने दोन्ही पक्ष उणे पडतात. भिंत जशीच्या तशी राखून चहाच्या खोलीत सामान रचले आणि चहा दूरच्या सभागृहात नेला, तर तो जीर्णोद्धार नावापुरताच. उलट वीट बदलावी लागली तरी जिना, खोली आणि चहाची जागा यांचा संबंध अबाधित राहिला, तर बरेच काही वाचले. म्हणून पुढे येणाऱ्या कोणत्याही आराखड्यात दर्शनी चित्राआधी मजल्याचा नकाशा मागवावा, आणि त्यात चहाच्या खोलीचे दार जिन्यासमोर उघडते की नाही, ते आधी पाहावे.