पटावरील झेलम : युद्धक्रीडेच्या नियमग्रंथांची एक समीक्षा

१

प्राचीन वा मध्ययुगीन लढाई मेजावर मांडावी, अंगठ्याच्या पेराएवढ्या धातूच्या सैनिकांनी ती पुन्हा लढून पाहावी आणि सायंकाळी तिच्या निकालावर वाद घालीत बसावे, हा छंद इंग्लंडात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात चांगलाच रुजला. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ सालच्या 'लिटल वॉर्स'मध्ये खेळण्यातील तोफांनी शिपाई पाडण्याची गंमत होती. डोनल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या 'वॉर गेम्स'ने त्या गमतीस प्रौढांच्या छंदाचे रूप दिले. १९६५ साली 'सोसायटी ऑफ एन्शन्ट्स' स्थापन झाली आणि तिचे 'स्लिंगशॉट' हे नियतकालिक जुन्या युद्धांच्या अभ्यासास वाहिले गेले. १९६९ पासून 'वॉरगेम्स रिसर्च ग्रुप'ने प्राचीन युद्धांसाठी रचलेले नियम प्रसृत होऊ लागले.

हे खेळाडू दोन प्रकारे एकत्र येतात. पहिला प्रकार स्पर्धेचा; त्यात गुण, क्रमांक आणि विजेता असतो. दुसरा स्नेहमेळाव्याचा; शनिवार-रविवार एखादे सभागृह घ्यावे, परिचितांनी आपापली सैन्ये आणावीत, दोन दिवस खेळावे, असा त्याचा थाट असतो. कधी सर्वांनी मिळून एकच लढाई निवडावी व प्रत्येक मेजावर ती निराळ्या नियमांनी लढावी, असाही बेत होतो. उपरोक्त संस्थेने 'बॅटल डे' या नावाने हीच प्रथा पाडली.

या दुसऱ्या प्रकाराकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची आपली प्रवृत्ती असते. तिला हरकत घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : युद्धक्रीडेचा नियमग्रंथ हा इतिहासाचा एक अन्वयार्थ असतो; म्हणूनच तो समीक्षेस पात्र ठरतो; आणि ती समीक्षा प्रत्यक्ष होण्याचे स्थान स्पर्धा हे नसून स्नेहमेळावा हेच आहे.

२

प्रथम नियमग्रंथाचे स्वरूप पाहू. बुद्धिबळाचा पूर्वज जो चतुरंग, त्यातही हत्ती, रथ, घोडा व पायदळ आहेत. परंतु चतुरंगाने कोणत्याही विशिष्ट लढाईशी बांधिलकी ठेवली नाही. दोन्ही पक्ष समबल, भूमी सपाट, आज्ञा अचूक. युद्धाची आकृती उरली, युद्धाचा इतिहास गळाला. महाभारतातील अक्षौहिणीचे एक हत्ती, एक रथ, तीन घोडे व पाच पदाती हे प्रमाणही असेच आदर्शभूत आहे.

लघुप्रतिमांच्या खेळाची प्रतिज्ञा याच्या उलट आहे. हे सैन्य अमुक काळाचे, अमुक राजाचे, असे तो म्हणतो. १९९० साली प्रसिद्ध झालेला 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' हा ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्रत्येक सैन्याचे बारा घटक. दर पाळीस एक फासा टाकावयाचा आणि जेवढे दान पडेल तेवढ्याच हालचाली करावयाच्या. झुंजीत दोन्ही बाजूंनी फासा टाकून त्यात घटकाच्या प्रकाराचा अंक मिळवावयाचा. बेरीज कमी पडली तर घटक सामान्यतः मागे रेटला जातो. ती प्रतिपक्षाच्या निम्मी वा त्याहूनही कमी पडली तर बहुधा नष्ट होतो. एवढ्या अल्प साधनांनी सेनापतीची विवंचना उभी करणे हे ग्रंथकारांचे मोठे यश आहे. आज्ञा दिली म्हणजे ती पोहोचतेच असे नव्हे, हे सत्य शेकडो पृष्ठांच्या वर्णनापेक्षा त्या एका फाशाने अधिक पटते.

मात्र बारास बारा ही समता स्वीकारताच हा ग्रंथ अर्धी वाट चतुरंगाकडे परतला आहे. पॉलिबिअसच्या मते इ. स. पू. २१६ मध्ये कॅनी येथे रोमचे पायदळ हॅनिबलच्या पायदळाच्या सुमारे दुप्पट होते आणि घोडदळात हॅनिबल वरचढ होता. त्या लढाईचा सारा अर्थ या विषमतेतच आहे. खेळ रंगावा म्हणून ती समतल केली की रंग राहतो, कॅनी राहत नाही.

३

खरी कसोटी लागते ती इ. स. पू. ३२६ मधील झेलमकाठच्या लढाईत. ग्रीक ज्या नदीस हिडॅस्पिस म्हणत ती हीच. अलेक्झांडर व पोरस यांच्या या संग्रामाचे प्राचीन भारतीय वर्णन उपलब्ध नाही. आहे ते सर्व ग्रीक व लॅटिन परंपरेतील, आणि घटनेनंतर काही शतकांनी लिहिलेले. त्यांच्यातही मेळ नाही. पोरसचे हत्ती अॅरियनच्या मते २००, डायोडोरसच्या मते १३०, कर्टिअसच्या मते ८५. पायदळ अॅरियन व कर्टिअस ३०,००० सांगतात, डायोडोरस ५०,००० तर प्लुटार्क २०,०००.

वाचक या आकड्यांवरून डोळे फिरवून पुढे जातो. पटावर सैन्य मांडणाऱ्यास तसे करता येत नाही. अॅरियन म्हणतो की, हत्ती एकमेकांपासून निदान एक प्लेथ्रॉन, म्हणजे सुमारे शंभर फूट अंतरावर उभे होते. दोनशे हत्तींची रांग मग वीस हजार फूट, म्हणजे पावणेचार मैलांहून लांब होते. त्याच ग्रंथकाराच्या म्हणण्याप्रमाणे अलेक्झांडरबरोबर नदी ओलांडून आलेले पायदळ सहा हजारांच्या आसपास होते. आठ ओळींत, माणशी तीन फूट धरून ते उभे केले तर त्याची आघाडी २,२५० फूट भरते. मग उरलेले हत्ती काय करीत होते? ते सैन्य आखूड होते, की हत्ती कमी होते, की अलेक्झांडरचे पायदळ अधिक होते? हा प्रश्न खेळ सोडवीत नाही. परंतु तो टाळणे अशक्य करतो. संशोधनाच्या दृष्टीने ही सेवा लहान नव्हे.

४

आता नियमग्रंथाचा दोष पाहू. अॅरियनने आपल्या 'इंडिका'त भारतीय धनुष्याचे वर्णन केले आहे. ते माणसाइतके उंच असे, जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढले जाई, बाण जवळजवळ तीन हात लांब असे आणि त्यापुढे ढाल वा चिलखत टिकत नसे. असे असता झेलमच्या लढाईत या धनुर्धरांचा प्रभाव दिसत नाही. कर्टिअस त्याचे कारण देतो : जमीन निसरडी होती, त्यामुळे लांब धनुष्य टेकविता येईना. रथही चिखलात रुतले.

नियमकाराने येथे काय करावे? भारतीय धनुर्धरास मुळातच कमी अंक द्यावा, की अंक पुरता देऊन त्या दिवशीच्या चिखलाचा वेगळा नियम करावा? पहिला मार्ग सोपा आहे. त्यात लढाईचा निकाल बरोबर येतो. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, एका सकाळचा चिखल एका समाजाच्या युद्धशक्तीचा कायमचा गुणधर्म ठरला. प्रसंग स्वभाव झाला. पुढे तेच सैन्य कोरड्या भूमीवर, निराळ्या शत्रूपुढे उतरले तरी तो चिखल त्याच्या पायांस चिकटलेलाच राहतो.

मध्ययुगातील एक उदाहरण शेजारी ठेवले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. १४१५ साली अॅजिनकोर्ट येथेही पाऊस पडून गेला होता व शेत चिखलाचे होते. तेथे चिखलात फ्रेंच सरदार अडकले, आणि लोकप्रसिद्ध आख्यायिकेत विजयाचे श्रेय बव्हंशी इंग्लिश धनुष्यास मिळाले. एके ठिकाणी चिखलाने धनुर्धरास साहाय्य केले, तेव्हा धनुष्य थोर ठरले. दुसरीकडे चिखलाने धनुर्धरास दगा दिला, तेव्हा सैन्य हलके ठरले. 'डी बेलिस'च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी हे दोघेही 'धनुर्धर' या एकाच वर्गात घातले. एरवी हे स्थूल वाटेल. पण येथे त्या स्थूलतेनेच न्याय साधला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

हत्तीच्या बाबतीत असे घडले नाही. कोंडी झालेले, जखमी व माहूतहीन हत्ती शत्रूबरोबर स्वकीयांसही तुडवू लागले, असे अॅरियन सांगतो. अनेक नियमग्रंथांत मागे रेटलेला हत्ती स्वपक्षाचा नाश करतो, त्याचे मूळ अशाच वर्णनांत आहे. कोंडी ही मूळ कथेतील अट मात्र नियमात येता येता पुष्कळदा गळते.

फिलिप सेबिन यांचा २००७ सालचा 'लॉस्ट बॅटल्स' या बाबतीत अधिक सावध आहे. अनेक लढायांस एकच नियम लावून संशयास्पद आकड्यांची तुलनेने पारख करावी, आणि दुर्बल पक्षाने इतिहासापेक्षा सरस कामगिरी केली तर हरूनही त्यास यश द्यावे, ही त्यांची रीत. त्यामुळे विषमता झाकली जात नाही, न्यायही राहतो. तथापि पराभूताची साक्ष जेथे नाहीच, तेथे या तुलनेचीही सामग्री विजेत्याच्या परंपरेतूनच यावयाची.

५

येथे पूर्वपक्ष असा होईल की, फाशांच्या खेळाने काहीच सिद्ध होत नाही. हे मान्यच आहे. अॅरिस्टॉटलने इतिहास व काव्य यांतील भेद सांगताना घडलेले आणि घडू शकणारे अशी विभागणी केली. युद्धक्रीडा या दोहोंच्या सीमेवर उभी आहे. ती पुरावा देत नाही; पुराव्यावरून आपण काय गृहीत धरले ते उघडे करते. इतिहासकार 'हत्ती बिथरले' असे एक वाक्य लिहून मोकळा होतो. नियमकारास ते किती वेळा, कशामुळे आणि कोणाविरुद्ध बिथरतात, हे सांगावेच लागते.

आणि म्हणूनच मेळाव्याचा स्नेह हा येथे नुसता सद्गुण नाही, ती पद्धतीची अट आहे. स्पर्धेत नियम हा कायदा असतो. चिखलाविषयी शंका काढणारा खेळाडू तेथे हरणारा तक्रारखोर ठरतो, आणि पंचाने ती शंका फेटाळणेच योग्य असते. जेथे जिंकण्यावर काही अवलंबून नाही, तेथेच खेळाडू मध्येच थांबून म्हणू शकतो की, हा नियम अन्यायाचा आहे, जमीन कोरडी धरून पुन्हा खेळून पाहू. शेजारच्या मेजावर तीच लढाई दुसऱ्या नियमांनी चालली असेल तर दोन अन्वयार्थ समोरासमोर येतात. दोन टीकाग्रंथ एका संहितेवर ठेवून वाचावेत, तशी ही तुलना आहे.

अशा दोन दिवसांनंतर पोरस जिंकला की हरला याला फारसे महत्त्व नाही. त्याच्या धनुर्धरास दिलेला अंक अॅरियनच्या वर्णनातून आला, कर्टिअसच्या चिखलातून आला, की नुसत्या सवयीतून आला, हे विचारण्याची मुभा मेजाभोवतालच्या माणसांना असली पाहिजे. ज्या सैन्याने स्वतःची हकीकत मागे ठेवली नाही, त्याच्या वतीने एवढा प्रश्न विचारला जावा, ही अपेक्षा खेळाकडूनही अवास्तव नाही.