दौलताबादी कागद आणि दफ्तरी मांडणीची तत्त्वे

मजकुराची मांडणी, म्हणजे कागदावर शब्दांना, आकड्यांना व कोऱ्या जागेला दिलेले स्थान, हा विषय मुद्रकाचा किंवा कारकुनाचा असे मानून अभ्यासकांनी त्याकडे सामान्यतः दुर्लक्ष केले आहे. प्रबंधात काय लिहावे याची चर्चा विद्यापीठांतून विपुल होते. ते पानावर कसे बसवावे याची चर्चा फार तर समास किती सोडावा एवढ्यावर थांबते. मांडणी ही मजकुरावर चढविलेली सजावट होय, आणि सजावट हा विद्वत्तेचा प्रांत नव्हे, असे या उपेक्षेमागील गृहीतकृत्य आहे. हे गृहीतकृत्य मराठी दफ्तराच्या कसोटीस उतरते काय, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

मांडणीसंबंधी आज प्रचलित असलेली शिकवण चार सूत्रांत सांगितली जाते. रॉबिन विल्यम्स यांनी १९९४ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकामुळे ही चार सूत्रे सर्वतोमुखी झाली. परस्परसंबद्ध गोष्टी जवळ ठेवाव्या, हे सान्निध्य. प्रत्येक घटक कोणत्या तरी एका रेषेला धरून असावा, ही समरेखता. एकदा योजिलेली खूण सर्वत्र तशीच यावी, ही पुनरावृत्ती. आणि जे भिन्न आहे ते निःसंदिग्धपणे भिन्न दिसावे, हा भेद. त्यापूर्वी १९२८ मध्ये यान चिखोल्ड यांनी नव्या मुद्रणकलेचा पुरस्कार करताना मांडणी ही मजकुराच्या प्रयोजनातून निघाली पाहिजे, असा आग्रह धरलेला होता. ही तत्त्वे पाश्चात्त्य मुद्रणव्यवसायात सूत्रबद्ध झाली हे खरे. परंतु त्यावरून ती तेथेच जन्मास आली असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

२

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील शासनाधिकार या प्रकरणात राजलेखाचे सहा गुण व पाच दोष सांगितले आहेत. अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व हे गुण. तर अकान्ति, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव हे दोष. यांपैकी दोन दोष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहेत. काळवंडलेले पत्र आणि कुरूप, विषम वा फिकट अक्षरे यांस अकान्ति म्हटले आहे. मजकुराचा खंड जेथे पाडावयाचा नाही तेथे तो पाडणे आणि जेथे पाडावयाचा तेथे न पाडणे, याचा अंतर्भाव संप्लवात होतो. म्हणजे परिच्छेद चुकीच्या ठिकाणी तोडणे हा व्याकरणाच्या चुकीइतकाच मोठा दोष गणला गेला होता. गुणांच्या यादीत आरंभीच अर्थक्रम यावा, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. जे प्रधान ते आधी, आणि पुढचे मागच्याशी अविरोधी, ही त्यामागील दृष्टी होय. मांडणी हा अर्थाचा भाग आहे, हा विचार यात स्पष्टपणे अनुस्यूत आहे.

महाराष्ट्रात या विचाराचा धागा देवगिरीपाशी येतो. यादव राजे महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) यांच्या कारकीर्दीत हेमाद्रि हा श्रीकरणाधिप, म्हणजे राजलेखनाच्या खात्याचा प्रमुख होता. मोडी लिपीचे जनकत्व परंपरेने त्याच्याकडे दिले आहे. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी मोडीच्या उगमाचा संबंध फारसी शिकस्ता लेखनाशी जोडून या परंपरेस वेगळे वळण दिले. तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. लिपीपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, कोणी कोणास कोणत्या मायन्याने लिहावे, हे नियमबद्ध करणारी मेस्तके हेमाडपंताच्या नावावर प्रचलित राहिली. लेखनाचा आराखडा ठरविणे हे राज्यकारभाराचे अंग आहे, ही जाणीव या परंपरेने जतन केली. पुढे शिवकाळात रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशातील दहा वर्गांपैकी एक संपूर्ण वर्ग लेखनास दिला गेला, तो याच जाणिवेचा विस्तार होय.

देवगिरीचे दौलताबाद झाले, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने तेथे राजधानी हलविली, आणि त्याच स्थलांतराशी जवळच्या कागजीपुऱ्याच्या कागदगिरांचा संबंध लोकपरंपरा जोडते. या परिसरात चिंध्या व ताग यांच्या लगद्यापासून होणारा, खळ देऊन व दगडाने घोटून गुळगुळीत केलेला कागद ‘दौलताबादी’ या नावाने मराठी दफ्तरांत ओळखला जाई. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही. म्हणून हात न उचलता लिहिण्याची मोडीची सोय कागदाच्या गुणाशी बांधलेली आहे. साच्याच्या मापाने कागदाचे माप ठरते, आणि कागदाच्या मापाने पत्राची घडण ठरते. मजकूर लांबला की बंदाला बंद चिकटवून कागद वाढवावयाचा. लेखनाचे उपकरण, लेखनाची गती आणि लेखनाची मांडणी ही अशा रीतीने एकमेकांपासून अलग करता येत नाहीत.

३

आता उपरिनिर्दिष्ट चार सूत्रे दफ्तरी लेखनास लावून पाहावी.

समरेखतेचा विचार प्रथम करणे योग्य, कारण मोडी लेखनाचा आरंभच रेषेने होतो. लेखक आधी कागदाच्या रुंदीभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगतो. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे राहते; मोडी व देवनागरी अक्षर वरच्या रेषेपासून लोंबते. या एका भेदातून दोन भिन्न पृष्ठरचना निर्माण होतात. मोडी पानावर डोळा ज्या आडव्या रेषांवरून सरकतो त्या लेखनाच्या आधीच सिद्ध असतात. त्यामुळे शब्दांमध्ये अंतर नसतानाही ओळ ढळत नाही.

सान्निध्याचे उत्तम उदाहरण महजरात सापडते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे निवडला गेला की निवाड्याच्या कागदावर ‘हाजिर मजालस’ या मथळ्याखाली उपस्थितांची नावे गटागटाने मांडलेली असतात: अधिकारी एकीकडे, गावचे वतनदार एकीकडे, बलुतेदार एकीकडे. नावांच्या समूहावरूनच गावाची रचना वाचता येते. ज्यास लिहिता येत नाही त्याच्या नावापाशी त्याच्या व्यवसायाची निशाणी असते. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. निशाणी ज्याची त्याच्या नावालगतच असली पाहिजे; ती इकडची तिकडे झाली तर साक्षच खोटी होते. सान्निध्य हे येथे डोळ्याच्या सोयीसाठी नसून पुराव्यासाठी आहे.

पुनरावृत्तीचे सूत्र पत्रांच्या ठरीव साच्यात दिसते. वर ‘श्री’, मग मायना, मग ‘विशेष’ किंवा ‘उपरी’ या शब्दाने मजकुराचा प्रारंभ, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ व त्यानंतर समाप्तीची खूण. आधुनिक वाचकास ही सूत्रे पोकळ शिष्टाचारासारखी वाटतात. परंतु ज्या लेखनात विरामचिन्हे नाहीत, परिच्छेद नाहीत, शब्दांत अवकाश नाही, त्यात हे ठरीव शब्दच मथळ्याचे, परिच्छेदाचे आणि पूर्णविरामाचे काम करतात. कारकुनाची नजर ‘विशेष’ या शब्दापाशी थेट पोचते, कारण प्रत्येक पत्रात तो त्याच कामासाठी येतो.

भेदाचे तत्त्व हिशेबी कागदांत सर्वांत प्रभावी आहे. जमा किंवा खर्च हा मथळा लांबवर ताणलेल्या रेषेने लिहावयाचा, त्या रेषेखाली बाबी, बाबीखाली ‘पैकी’ म्हणून पोटकलमे, आणि शेवटी बेरीज. मथळ्याची रेषा जितकी लांब तितका तिच्या छायेखालील मजकूर तिचा. फारसी सियाक लेखनातही अक्षर ताणून पोटविभाग दाखविण्याची अशीच रीत होती. व्यापाऱ्यांच्या बह्यांतून तर कागदास घड्या पाडून त्या घड्यांच्या वळांनाच रकाने मानीत. शाईची एकही उभी रेघ न ओढता आकडे आकड्यांखाली येत. रुपयाचे पाव, अर्धा व पाऊण उभ्या दंडांनी दाखविण्याची पद्धती या रकान्यांत इतकी चपखल बसते की, बेरीज घेणाऱ्याचा डोळा एका स्तंभावरून उतरतो.

दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्या सेवेत असताना एकनाथांना रात्रभर हिशेब तपासून एका पैची चूक सापडली व त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ चरित्रकारांनी सांगितला आहे. तिच्यातील व्यावहारिक अर्थ मात्र दुर्लक्षित राहिला. एका पैची चूक सापडावयाची तर हिशेबाची मांडणी चूक लपविणारी नव्हे, उघडी पाडणारी असली पाहिजे. उत्तम मांडणीची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे.

४

यावरून दफ्तरी मांडणी सर्वथा आदर्श होती असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. तिचे दोन गुण ठळक, तसा तिचा एक दोषही ठळक आहे.

पहिला गुण अधिकारक्रमाचे दर्शन. मोगल दरबारच्या कागदांत बादशहाचा उल्लेख ओळीत न करता वरच्या बाजूस नेऊन लिहीत. ओळीतील कोरी जागाच आदर व्यक्त करी. मराठी पत्रांतही मुद्रा वर की खाली, मायना आशीर्वादाचा की दंडवताचा, यावरून लिहिणारा व वाचणारा यांचे नाते मजकूर वाचण्यापूर्वीच कळते. दुसरा गुण संरक्षणाचा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटविली जाई; तिच्या पुढे कोणी काही वाढवू नये हा तिचा हेतू. बंद जोडलेल्या ठिकाणी पाठीमागे शिक्का असे, तो मधला बंद बदलला जाऊ नये म्हणून. येथे मांडणी ही कागदाच्या खरेपणाची राखण करते. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी चालली, तेव्हा कित्येक घराण्यांची उपजीविका त्यांच्या जुन्या कागदांच्या खरेपणावर अवलंबून होती. अशा वेळी शिक्क्याची जागा, सांध्याची खूण व दफ्तरातील नोंदीशी जुळणी या गोष्टी अलंकार राहत नाहीत.

दोष असा की, ही मांडणी केवळ जाणत्यासाठी आहे. ज्यास साचा ठाऊक त्यासच पत्र वाचता येते. शब्दांत अंतर नसणे व ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न राखणे हे दफ्तरातील माणसास अडचणीचे वाटले नाही. रयतेस मात्र तो कागद बंदच राहिला. मांडणीचे मूल्य ठरविताना ती कोणत्या वाचकासाठी आहे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आजचे शासकीय पत्र, विद्यापीठीय प्रबंध वा न्यायालयीन निकाल हा अनोळखी वाचकासाठी असतो. त्यामुळे दफ्तराची तत्त्वे घ्यावी, रीत जशीच्या तशी घेऊ नये.

उलटपक्षी, आज मराठी लेखांवर लादला जाणारा साचाही तितकाच परका आहे. संगणकावरील पानाचे तयार नमुने रोमन लिपीच्या गरजेतून घडलेले आहेत. रोमन लेखनात मोठी अक्षरे व तिरपी अक्षरे ही भेद दाखविण्याची सहज साधने आहेत. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नाही, आणि तिरप्या अक्षरांस परंपरेचा आधार नाही. तेथे भेद साधावयाचा तो आकाराने, जाडीने व जागेने. शिवाय देवनागरीच्या मात्रा, वेलांट्या व रफार वर जातात, उकार व जोडाक्षरे खाली उतरतात. म्हणून दोन ओळींत रोमनपेक्षा अधिक अंतर लागते. हे अंतर न दिल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो, आणि कौटिल्याची अकान्ति नव्या यंत्राने पुन्हा प्रकट होते. बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्रणविषयक त्रिखंडात्मक ग्रंथाने १९७१ मध्येच या लिपीच्या मुद्रणाचा स्वतंत्रपणे विचार करण्याची आवश्यकता दाखवून दिली होती, र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी देवनागरी अक्षरे घडविताना तीच दिशा धरली. तरीही प्रबंधांचे नियम तयार करणारी मंडळी ओळींमधील अंतराचा आकडा इंग्रजी नियमावलीतून उचलतात, ही वस्तुस्थिती आहे.

५

या विवेचनाचा सर्वांत गंभीर परिणाम साधनांच्या प्रकाशनावर होतो. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत बाहेर पडले. या कार्याचे ऋण कोणासही नाकारता येणार नाही. परंतु छापील देवनागरीत उतरविताना पत्राची रेघ, समास, कोरी जागा, सांधे व अक्षराचा ताण ही सर्व नाहीशी झाली. संपादकांनी शिक्के व मोर्तब यांची नोंद पुष्कळदा केली आहे. तथापि त्यांची पानावरील जागा सहसा कळत नाही. हिशेबाची तर छपाईत वाक्येच झाली; कोणती बाब कोणत्या मथळ्याच्या छायेखाली होती हे वाचकाने तर्काने ठरवावे लागते. तेव्हाच्या मुद्रणसाधनांच्या मर्यादा लक्षात घेता हा दोष क्षम्य होता. छायाचित्रण सुलभ झाल्यावर तो क्षम्य राहत नाही.

म्हणून पदव्युत्तर अभ्यासकाने मोडी कागद वाचताना लिप्यंतरापुरते समाधान मानू नये. कागदाचे माप, बंदांची संख्या, कोरा सोडलेला भाग, ओळींची संख्या, मुद्रांची जागा, सांध्यांवरील खुणा, पाठीवरील शेरे आणि मथळ्यांच्या रेषांची लांबी यांची नोंद लिप्यंतराच्या शेजारीच असली पाहिजे. ही नोंद नसलेले लिप्यंतर हे मजकुराचे अपूर्ण वाचन होय, कारण दफ्तरातील माणसाने निम्मा अर्थ शब्दांत ठेविला आणि निम्मा जागेत. आणि ज्यास जुन्या कागदातील जागेचा अर्थ वाचता येऊ लागेल, त्यास स्वतःच्या प्रबंधाचे पान कसे बसवावे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.