ललाट-बाह्यकाचे नकाशे : क्रमांक, सीमा आणि संबंध

इ. स. १९४८ पूर्वीचा सातारा जिल्ह्याचा नकाशा पाहणाऱ्यास कुंडल हे गाव काहीसे कोड्यात टाकते. भोवतालचा पुष्कळसा मुलूख इंग्रजी अंमलाखालचा; कुंडल मात्र औंध संस्थानातले. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असे त्या संस्थानाचे तुकडे परस्परांपासून अलग पडलेले होते. कुंडलचा शेजार पाहून त्याचा धनी ओळखता येत नसे. कारभाराचे धागे कोठे पोचतात हे शोधावे लागे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावचा आपला कारखाना कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आणला, तोही औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली म्हणून. पुढे त्या स्थानकाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. सीमा, संबंध आणि नाव या तिन्ही गोष्टी अशा एकमेकींपासून स्वतंत्रपणे बदलू शकतात. नरवानर गणाच्या मेंदूतील ललाट-बाह्यकाचे, म्हणजे कपाळामागील भागाच्या पृष्ठावरील करड्या थराचे, जे नकाशे गेल्या शतकात तयार झाले त्यांच्या परीक्षणात हाच विवेक उपयोगी पडतो.

कोर्बिनियन ब्रोडमान यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात बाह्यकाचे पातळ छेद रंगवून, पेशींचे थर कोठे दाट व कोठे विरळ आहेत यावरून क्षेत्रे पाडली. त्यांचे क्रमांक ५२ पर्यंत जातात. पण मानवी नकाशात १३ ते १६ सापडत नाहीत. हे क्रमांक वर्णनाच्या ओघात पडले आहेत. त्यांत मूल्यक्रम नाही की विकासक्रमही नाही. अडचण निराळीच आहे. मानवी ललाटातील ४४ ते ४७ ही क्षेत्रे ब्रोडमान यांच्या माकडाच्या नकाशात नाहीतच. १९४० मध्ये अर्ल वॉकर यांनी मकाक जातीच्या माकडाचा नकाशा नव्याने केला आणि मानवी क्रमांक तेथे नेऊन बसविले. (मराठीत माकड आणि वानर हे दोन प्राणी वेगळे मानतात. या अभ्यासांतला प्राणी माकड होय. लांब शेपटीचा काळतोंड्या वानर नव्हे.) परंतु माणसात ज्या भागाला ४७ म्हटले जाते त्याच्याशी जुळणाऱ्या भागाला वॉकर यांनी १२ म्हटले. अशा रीतीने एका वस्तूला दोन नावे पडली. उलट १३ व १४ हे अंक ब्रोडमान यांनी माकडात एका जागी वापरले आणि वॉकर यांनी दुसऱ्याच. म्हणजे एका नावाखाली दोन वस्तू आल्या. अर्धशतकभर अनेक ग्रंथांनी हे क्रमांक समानार्थी मानून वापरले, हे आश्चर्यकारक आहे.

मायकेल पेट्रिडीज आणि दीपक पंड्या यांच्या कार्याचे महत्त्व येथेच आहे. १९९४ पासूनच्या त्यांच्या लेखनात मनुष्य व मकाक यांचे छेद शेजारी शेजारी ठेवून दोहोंना एकच कसोटी लावलेली दिसते. ‘४७/१२’ आणि ‘९/४६’ ही त्यांनी योजलेली जोडनावे कानाला ओबडधोबड वाटतात, पण प्रामाणिक आहेत; जुना गोंधळ झाकण्याऐवजी ती तो नावातच नोंदवून ठेवतात. आणि पेशीरचनेवर न थांबता त्यांनी संबंधांची साक्ष काढली. मकाकाच्या मेंदूत किरणोत्सारी अमिनो आम्ल सोडले असता पेशी ते शोषून तंतूंच्या टोकापर्यंत नेतात. मग छेदांवर तो मार्ग उमटतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ४४ चे मुख्य नाते पार्श्विक खंडाच्या खालच्या भागाशी, तर ४५ चे शंखखंडाच्या वरच्या भागाशी आहे. शेजारी असलेल्या दोन क्षेत्रांचे दळणवळण इतके भिन्न असावे, ही गोष्ट केवळ थर मोजून कळली नसती.

आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. २००५ मध्ये पेट्रिडीज व सहकाऱ्यांनी मकाकातील या ४४ क्षेत्राला विद्युत्-उद्दीपन दिले, तेव्हा तोंड व चेहरा यांच्या हालचाली झाल्या. हे क्षेत्र धनुराकृती खाचेच्या तळाशी आहे. त्याच्या एका बाजूस चौथा, बारीक पेशींचा थर नसलेले क्षेत्र ६, दुसऱ्या बाजूस तो थर स्पष्ट असलेले ४५. निष्कर्ष नेटका आहे. परंतु त्याला ‘माकडातील ब्रोकाचे क्षेत्र’ हे नाव जोडले गेले. ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्याचा मेंदू तपासला त्या रुग्णाची वाचा गेली होती. तेव्हापासून ते नाव वाचेचे ओझे वाहते. मकाकाला वाचा नाही. समजात अवयव म्हणजे समान कार्य नव्हे. मराठी ‘शिक्षा’ आणि हिंदी ‘शिक्षा’ हे एकाच संस्कृत शब्दाचे वारस आहेत. एकीकडे दंड, दुसरीकडे अध्यापन. शब्दाचे कुळ सिद्ध झाले तरी आजचा अर्थ त्याच्या आजच्या संबंधांवरूनच ठरतो, आणि हे तुलनात्मक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास नव्याने सांगावे लागू नये.

शिवाय दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल नाही. जिवंत माणसाच्या मेंदूत शोधद्रव्य सोडून नंतर छेद घेता येत नाहीत. तेथे पाण्याच्या रेणूंच्या विसरणावरून तंतूंची दिशा अनुमानावी लागते. संदेश कोणीकडून कोणीकडे जातो हे त्या चित्रात दिसत नाही, आणि तंतू एकमेकांना छेदतात तेथे चित्र फसते. म्हणून मकाकाचा नकाशा साक्षीवर उभा आहे, तर मानवाचा बराचसा अनुमानावर. तरीही २००८ मध्ये जेम्स रिलिंग व सहकाऱ्यांनी मनुष्य, चिंपांझी व मकाक यांची याच पद्धतीने तुलना केली, तेव्हा ललाटाकडून शंखखंडाच्या मध्य भागाकडे जाणारा धनुराकृती तंतुपट्टा मानवात कितीतरी विस्तृत आढळला. क्षेत्र तेच, पण त्याचा पल्ला वाढला, असा त्याचा अर्थ लावता येईल. तसे असेल तर भाषेचे मूळ शोधणाऱ्याने ४४ या ठिपक्याकडे न पाहता त्या पट्ट्याकडे पाहावयास हवे.

भाषाशास्त्राच्या वर्गांत मकाकाच्या मेंदूची आकृती दाखविताना त्या खाचेवर ‘भाषाकेंद्र’ असे लिहिण्याची प्रथा रूढ होत आहे. तेथे ‘क्षेत्र ४४’ एवढेच लिहावे, आणि आकृतीत पार्श्विक खंडाकडे जाणारी रेघ अवश्य काढावी.