पाचवा विनयधर

संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला आणि ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान या गोष्टी संघाला ज्ञात होत्या, हे निदर्शनास आणले. तेव्हापासून आपल्या व्याख्यानांत विनयपिटकाचे स्मरण होते ते बहुधा एवढ्यापुरतेच. दहा भिक्षूंची गणपूर्ती सांगितली, लोकशाहीचा गौरव केला, की विषय संपतो. परंतु हा दहाचा आकडा स्वतः तथागतांनीच खाली आणला होता. तो का आणला, कोणत्या अटीवर आणला, याचा विचार केल्याशिवाय संघ ही संघटना म्हणून कशी उभी होती हे कळणार नाही.

महावग्गातील चम्मक्खन्धकात हा प्रसंग येतो. आयुष्मान महाकच्चान अवंतीत, म्हणजे आजच्या माळव्याच्या परिसरात, कुररघराजवळील पर्वतावर राहत होते. त्यांचा उपासक सोण कुटिकण्ण याला प्रव्रज्या मिळाली. उपसंपदा मात्र मिळेना. त्या प्रदेशात भिक्षूच थोडे. येथून तेथून दहा जण जमवण्यात तीन वर्षे गेली. पुढे सोण तथागतांच्या दर्शनास सावत्थीला निघाला, तेव्हा कच्चानांनी त्याच्यासोबत पाच विनंत्या पाठवल्या. अवंतीत भिक्षू कमी आहेत, लहान गणाने उपसंपदा देता यावी. जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, एकाहून अधिक थरांच्या वहाणा चालाव्यात. लोक स्नानाला महत्त्व देतात, नेहमी स्नान करता यावे. तिकडे मेंढी, शेळी, हरिण यांची कातडी अंथरतात, ती वापरता यावीत. पाचवी विनंती सीमेबाहेर गेलेल्या भिक्षूसाठी दिलेल्या चीवराविषयीची होती.

वाचकाने येथे किंचित थांबावे. पायाखालची जमीन, शेजाऱ्यांची अंघोळ आणि संघाची घटना हे सारे एकाच निवेदनात, एकाच पातळीवर आले आहे. आपले टीकाकार असल्या तपशिलाला क्षुल्लक म्हणून ओलांडून जातात. मला तो या खंधकाचा प्राण वाटतो. मध्यदेशात पंधरवड्यातून एकदाच स्नान करण्याचा जो नियम होता, तोही एका स्थळातूनच जन्मला होता: राजगृहाच्या तपोदेवर भिक्षूंचे स्नान लांबले आणि राजा बिंबिसार ताटकळत राहिला. नियम परिस्थितीतून आला होता, तेव्हा परिस्थिती बदलल्यावर तो बदलण्यात तथागतांना अडचण वाटली नाही.

विनंत्या मान्य झाल्या. परंतु उपसंपदेच्या बाबतीत नुसते ‘दहाऐवजी पाच’ असे म्हटलेले नाही. विनयधर ज्यात पाचवा आहे असा गण, अशी शब्दयोजना आहे. दहांच्या नियमातही उपाध्यायाची पात्रता आणि ज्ञप्ती मांडणाऱ्याचे सामर्थ्य अपेक्षित होतेच. पण संख्या निम्मी करताना विनयधराचे नाव मुद्दाम उच्चारले गेले. शिवाय ‘सीमावर्ती प्रदेश’ हा शब्दही सैल ठेवलेला नाही. पूर्वेस कजंगल, पश्चिमेस थूण, उत्तरेस उसीरद्धज पर्वत अशा खुणा घालून सवलत कोठे सुरू होते ते सांगितले आहे. हा प्रसंग संघाच्या पश्चिमेकडील विस्तारानंतर रचला गेला असावा, असे कोणी म्हणेल. तसे असले तरी रचणाऱ्यांनी सवलतीबरोबर अट जोडली, हे शिल्लक राहतेच.

चुल्लवग्गात अड्ढकासीची कथाही याच वळणाची आहे. पूर्वाश्रमीची गणिका असलेल्या या स्त्रीची वाट धूर्तांनी अडवली, म्हणून दूतामार्फत उपसंपदा मान्य झाली. दूत मात्र जाणती आणि समर्थ भिक्षुणीच हवी. प्रत्यक्ष उपस्थितीची अट सुटली. जाणतेपणाची सुटली नाही.

या व्यवस्थेचा दोषही सांगितला पाहिजे. प्रत्येक सवलत तथागतांच्या मुखातून येते; कच्चानांसारखा थेरही तीन वर्षे नियम पाळत बसतो. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सवलत कोणी द्यायची? क्षुद्रानुक्षुद्र नियम रद्द करण्याची मुभा होती, पण ते कोणते यावर पहिल्या संगीतीत एकमत झाले नाही. नवे करायचे नाही, जुने मोडायचे नाही, असा महाकस्सपांचा ठराव झाला. दुरुस्तीचे दार त्या दिवशी बंद झाले असे माझे मत आहे. भिक्षुणीसंघाची परंपरा थेरवादी देशांत खंडित झाली, तेव्हा तिच्यासाठी कुररघराहून विनंती पाठवायला जागाच उरली नव्हती.

शंभर वर्षांनी वेसालीत दहा वस्तूंचा वाद उपस्थित झाला. सुवर्ण-रजताचा स्वीकार सर्वांच्या लक्षात राहतो. अनुमतिकप्पाकडे कोणी पाहत नाही. अपुऱ्या संघाने कर्म उरकायचे आणि मागाहून आलेल्यांची संमती घ्यायची, असा तो प्रकार. आजारी भिक्षूला आपला छंद, म्हणजे संमती, आधी पाठवता येत असे, मागाहून नव्हे. या वस्तूंच्या विरोधात यसाने ज्यांना गोळा केले त्यांत पावेय्यकांचे साठ थेर होते आणि अवंती-दक्षिणापथाचे अठ्ठ्याऐंशी. जेथे दहा भिक्षू मिळायला तीन वर्षे लागली होती, त्याच प्रदेशातून हे अठ्ठ्याऐंशी आले. पाचांच्या गणाने उपसंपदा देणारी, रोज अंघोळ करणारी, जाड वहाणा घालणारी ही परंपरा शिथिल ठरली नव्हती.

आपल्या विहारांच्या संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदल्या जातात तेव्हा किमान सात सभासद लागतात. सात नावे मिळतात. त्या सातांत नियमावली वाचलेला एक तरी आहे काय, हे कोणी विचारत नाही. काही वर्षांपूर्वी एका विहाराच्या वार्षिक सभेत गणपूर्ती झाली नाही. जमलेल्या चौघांनी जागेविषयीचा ठराव संमत केला आणि इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरली. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. वही आणणारा मुलगा माझाच विद्यार्थी होता, महावग्ग माझ्याकडे शिकलेला. मी सही केली.