चोवीस टक्के वाढले, पण कशामुळे?

...तर मंडळी, 'एडीएचडीच्या गोळीने मेंदू बदलतो' असं म्हणताना ज्या शोधनिबंधाचा दाखला देतात, तो जरा नीट वाचू. २०१३ साली 'प्लॉस वन'मध्ये वँग, वोल्कोव आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. एडीएचडी असलेली, पण आधी कधीच औषध न घेतलेली १८ प्रौढ माणसं. त्यांना बारा महिने मेथिलफेनिडेट दिलं. आधी आणि नंतर पेट स्कॅन. स्ट्रायटम या भागातले डोपामिन ट्रान्सपोर्टर २४ टक्क्यांनी वाढलेले दिसले.

ट्रान्सपोर्टर म्हणजे पेशींमधल्या फटीत आलेलं डोपामिन परत आत ओढणारे पंपच समजा. गोळी हे पंप अडवते, म्हणून डोपामिन फटीत जास्त वेळ टिकतं. पंप अडले म्हणून मेंदूने आणखी पंप बसवले, असा लेखकांचा अर्थ. मग गोळीचा असर उतरला की त्रास आधीपेक्षा जास्त होईल का? ही त्यांनी व्यक्त केलेली शंका आहे, निष्कर्ष नव्हे.

माझा आक्षेप पुढेच आहे. तुलनेला ११ निरोगी माणसं घेतली, त्यांचेही वर्षभराच्या अंतराने दोन स्कॅन. पण एडीएचडी आहे आणि वर्षभर गोळी नाही, असा गटच नाही! म्हणजे वाढ गोळीमुळेच झाली, हे बहुधा खरं. सिद्ध झालं असं नाही. 'बहुधा' अशासाठी, की २०१२ साली फुसार-पोली यांनी नऊ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही पूर्वी औषध घेतलेल्यांत ट्रान्सपोर्टर जास्त, न घेतलेल्यांत कमी असाच कल होता. गंमत म्हणजे वँग यांच्या रुग्णांत औषधाआधी निरोगी माणसांपेक्षा लक्षणीय फरकच नव्हता. 'एडीएचडी म्हणजे डोपामिनचा तुटवडा' हे पाठ केलेलं वाक्य तिथेच डळमळतं.

आता आपल्या जिल्ह्याचं बघा. अभ्यास झाला तो वर्षभर उपचार मिळालेल्यांवर. धडगाव-अक्कलकुव्याचा माणूस ऊसतोडीला गेला की कित्येक महिने बाहेर. मेथिलफेनिडेट एनडीपीएस कायद्याच्या यादीतलं औषध; चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि सगळ्या मेडिकलवाल्यांकडे नसतंच. खंड पडणारच. खंड पडल्यावर काय होतं, हाच आपला प्रश्न, आणि निबंध नेमका तिथे हात टेकतो.

वर मोबाईलवर कुणीतरी सांगतो, 'गोळी मेंदूचं वाटोळं करते.' माणूस परस्पर गोळी सोडतो. चिडचिड, विसराळूपणा वाढला की घरचे म्हणतात, 'बघा, सवय लागली होती.' मूळचाच त्रास परत आला, की पंप वाढल्याने जास्त झाला, हे त्या २४ टक्क्यांवरून सांगताच येत नाही. म्हणून गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून थांबवा, आणि त्या दिवसांत काय काय होतं ते घरच्या कुणाकडून रोज वहीत लिहून घ्या. तालुक्याला जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. हं, आता मागच्या ओळीतले प्रश्न घेऊ.